अमेरिकेत सीडीएल: हातात पैसे नसताना कंपनीच्या खर्चाने ट्रक शिकायचा असेल तर

मोरपंखी
धाकट्या भावासाठी माहिती हवी आहे. वय २४, ग्रीन कार्ड आहे, गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, ड्रायव्हिंग रेकॉर्ड स्वच्छ आहे. त्याला क्लास ए सीडीएल, म्हणजे मोठा ट्रॅक्टर-ट्रेलर चालवायचा व्यावसायिक परवाना, करायचं आहे. खासगी शाळा ५-६ हजार डॉलर सांगतात. तेवढे हातात नाहीत आणि कर्ज काढायची तयारी नाही. कंपनी स्वतः फी भरून शिकवते अशा जाहिराती दिसतात. त्यात तथ्य किती, सुरुवात कुठून करायची आणि सही करण्याआधी काय बघायचं?

हमरस्ता
जाहिराती खोट्या नसतात. पण खर्च कोण, कधी आणि कोणत्या अटीवर उचलतं यात जमीनअस्मानाचा फरक आहे.

पहिला प्रकार म्हणजे कंपनीची स्वतःची शाळा. प्राइम, रोहल, स्विफ्ट अशा मोठ्या ट्रकलोड कंपन्या या पद्धतीने नवीन माणसं घेतात. आधी पैसे लागत नाहीत किंवा अगदी थोडे लागतात, आणि बदल्यात ठरावीक काळ तिथेच काम करायचा बाँड असतो. दुसऱ्या प्रकारात कंपनी बाहेरच्या शाळेशी करार करून तिची फी भरते. बाँड इथेही असतोच. तिसरा प्रकार परतफेडीचा: फी आधी तुम्ही भरायची आणि नोकरीला लागल्यावर कंपनी दर महिन्याला थोडे थोडे पैसे परत देते. जाहिरातीत तिन्ही एकसारखेच दिसतात, पण पैसे नसलेल्या माणसाला तिसरा मार्ग जवळपास बंदच असतो. म्हणून फोनवर पहिला प्रश्न हाच विचारावा: "शाळेच्या पहिल्या दिवशी माझ्या नावावर किती डॉलरचं देणं असेल, आणि ते कोणाला?"

याशिवाय बाँड नसलेले दोन रस्ते आहेत: डॉकवरून ड्रायव्हर होणं आणि सरकारी अनुदान. भाऊ गोदामातच आहे, तर माझ्या मते हे दोन आधी बघावेत.

कुठलीही शाळा असो, तिचं नाव एफएमसीएसएच्या (ट्रक-बस सुरक्षेचं केंद्रीय खातं) ट्रेनिंग प्रोव्हायडर रजिस्ट्रीत, म्हणजे मान्य शाळांच्या यादीत, आहे का ते बघा. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या क्लास ए उमेदवाराने या यादीतल्या संस्थेत थिअरी आणि गाडीवरचं प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय त्याची स्किल्स टेस्ट घेतली जात नाही. किती तास शिकवायचं याची किमान मर्यादा केंद्रीय नियमात नाही. थिअरीत किमान ८० टक्के हवेत आणि गाडीवरचं कौशल्य प्रशिक्षकाने प्रमाणित करायचं, एवढंच. त्यामुळे "आठवडाभरात सीडीएल" म्हणणारी शाळा कायद्यात बसू शकते, पण माणूस तयार होईलच असं नाही.

गोदावरीकाठ
सरकारी पैशाबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे क्रम चुकला की सगळं हातातून जातं.

वर्कफोर्स इनोव्हेशन अँड ऑपॉर्च्युनिटी ॲक्ट हा २०१४ चा कायदा आहे, बोलताना सगळे विओआ म्हणतात. त्याखाली अमेरिकन जॉब सेंटरमधून, म्हणजे सरकारी रोजगार मदत केंद्रातून, प्रशिक्षणाची फी मिळू शकते. पैसे थेट शाळेला जातात आणि ते कर्ज नसतं. कमी उत्पन्नाची माणसं आणि सरकारी मदत घेणारे यांना प्राधान्य असतं. नोकरी गेलेल्यांसाठी वेगळा निधी असतो. नोकरी असूनही उत्पन्न कमी असेल तर काही ठिकाणी बसवून घेतात. हे प्रत्येक काउंटीच्या मंडळावर आणि त्या वर्षी उरलेल्या निधीवर अवलंबून असतं, म्हणून थेट जाऊन विचारावं.

शाळेत नाव घालण्याआधी मंजुरी हवी. आधी शाळेत बसायचं आणि मग बिल घेऊन जॉब सेंटरला जायचं, हे चालत नाही. शाळा दोन याद्यांवर असावी लागते, एक वर सांगितलेली रजिस्ट्री आणि दुसरी राज्याची पात्र संस्थांची यादी. पहिलीत असलेली शाळा दुसरीत नसू शकते.

भाऊ २४ चा आहे म्हणून एक गोष्ट आजच बघा. १८ ते २५ वयाच्या पुरुषांना सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये (सक्तीच्या लष्करभरतीसाठीची सरकारी यादी) नाव नोंदवावं लागतं, ग्रीन कार्डवाल्यांनाही. विओआचे पैसे देताना हे तपासतात. २६ पूर्ण झाल्यावर नाव नोंदवता येत नाही आणि मग आधी का नोंदवलं नाही याचा खुलासा देत बसावं लागतं. ऑनलाइन काही मिनिटांचं काम आहे.

सोबत ओळखपत्र, ग्रीन कार्ड, सोशल सिक्युरिटी कार्ड, पगाराच्या अलीकडच्या स्लिपा आणि घरातल्या माणसांच्या उत्पन्नाचे कागद न्या. मंजुरीला काही आठवडे लागतात. तोवर हातातली नोकरी सोडू नका. एखाद्या कंपनीकडून "तुम्ही सीडीएल केलंत तर घेऊ" असं पत्र मिळालं तर अर्जाला जोर येतो.

मोरपंखी
हे माहीतच नव्हतं, आजच करतो. डॉकवरून ड्रायव्हर म्हणजे नेमकं कसं?

सातबारा
एलटीएल कंपन्या, म्हणजे एका ट्रेलरमध्ये अनेक गिऱ्हाइकांचा माल नेणाऱ्या. ओल्ड डोमिनियन, एक्सपीओ, साया, एस्टेस वगैरे. त्यांच्या टर्मिनलवर डॉकवर माल चढवायला-उतरवायला माणसं लागतात, बहुतेक रात्रीच्या पाळीत, आणि फोर्कलिफ्ट येणाऱ्याला तिथे मागणी असते. काही महिने काम केल्यावर आतल्याच माणसाला ड्रायव्हर प्रशिक्षणात घेतात. त्या काळात पगार चालू राहतो, सराव त्याच यार्डात होतो आणि पुढे काम मिळतं ते शहरातल्या पिकअप-डिलिव्हरीचं किंवा रात्रीच्या लाइनहॉलचं, म्हणजे एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर माल नेण्याचं. झोपायला घर मिळतं, हा मोठा फायदा.

अडचण अशी की सगळ्याच टर्मिनलवर प्रशिक्षण होत नाही. अर्ज करताना रिक्रूटरपेक्षा टर्मिनल मॅनेजरला विचारा: इथून मागच्या वर्षी डॉकवरची किती माणसं ड्रायव्हर झाली? पुढचा वर्ग कधी? निवड सीनियॉरिटीने की मॅनेजरच्या शिफारशीने? उत्तर गोलमोल आलं तर दुसरं टर्मिनल बघा.

भाऊ ज्या गोदामात आहे त्या कंपनीचे स्वतःचे ट्रक आहेत का? असतील तर आधी तिथल्याच एचआरला विचारावं. वॉलमार्टने २०२२ मध्ये आपल्याच कर्मचाऱ्यांना ड्रायव्हर करायचा १२ आठवड्यांचा कार्यक्रम काढला. अशा आतल्या जागांची जाहिरात बाहेर येत नाही.

स्कूल बसही विसरू नका. बस कंपन्या आणि शाळा डिस्ट्रिक्ट पगार देऊन क्लास बी (बस किंवा मोठा एकसंध ट्रक चालवायचा परवाना) आणि प्रवासी व स्कूल बसचे एन्डोर्समेंट, म्हणजे त्यासाठीची जादा परवानगी, करून देतात. शहर बससेवाही शिकवते. पुढे क्लास ए करताना अपग्रेडचं प्रशिक्षण पुन्हा घ्यावं लागतं, पण मोठी गाडी, एअर ब्रेक आणि प्रवासी सांभाळल्याचा अनुभव नोंदीवर येतो.

उत्तररात्र
मी बाँडबद्दल लिहितो. लोक इथेच फसतात, कारण कागद समोर येतो तो ओरिएंटेशनच्या पहिल्या सकाळी, दीड दिवस बसने प्रवास केल्यावर, आणि मागे रांग उभी असते. म्हणून कराराची प्रत निघण्याआधी ईमेलवर मागवा. जी कंपनी आधी प्रत देत नाही तिच्या बसचं तिकीट घेऊ नका.

कागदात दोन गोष्टी असतात: नोकरीची अट आणि वचनचिठ्ठी. वचनचिठ्ठी हे कर्जच आहे, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. तिच्यात बघायचं ते असं.

रक्कम किती आणि ती कमी कशी होते? समजा ६,००० डॉलर आणि १२ महिने. कर्ज महिन्यागणिक वजा होत असेल तर आठव्या महिन्याअखेर सोडणाऱ्याकडे २,००० उरतात. वजा होत नसेल तर अकराव्या महिन्यातही पूर्ण ६,०००. वरवर दोन्ही करार सारखेच दिसतात. फरक एका ओळीत असतो.

मुदत कधीपासून मोजतात? सही केल्यापासून, सीडीएल मिळाल्यापासून, की एकट्याने पहिली लोड उचलल्यापासून? शेवटचं असेल तर १२ महिन्यांचे सहज १४-१५ होतात. काही ठिकाणी महिन्यांऐवजी मैल मोजतात. तसं असेल तर डिस्पॅचने, म्हणजे काम वाटणाऱ्या विभागाने, लोड कमी दिले की तुमची मुदत लांबते.

कंपनीने काढलं तर काय? आजारी पडलं, मेडिकल कार्ड (गाडी चालवायला तब्येत ठीक असल्याचा दाखला) गेलं, स्किल्स टेस्ट पास झाली नाही तर? कित्येक करारांत "कोणत्याही कारणाने नोकरी संपल्यास" असे शब्द असतात, म्हणजे किरकोळ धडक देऊन कंपनीने काढलं तरी पैसे तुमच्याच अंगावर. व्याज कधीपासून आणि किती, वसुलीचा खर्च कोणाचा, आणि शेवटच्या पगारातून कापायची परवानगी तुम्ही देताय का, हेही वाचा. दर आठवड्याला फीचा हप्ता कापला जाणार असेल तर हातात येणारा आकडा लिहून घ्या.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२६ पासून केलेल्या "सोडलंस तर भर" प्रकारच्या पुष्कळ करारांवर कायद्याने बंदी आली आहे. अपवाद आहेत, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांनी कामगार हक्काच्या मोफत कायदा सल्ला केंद्राला कागद दाखवावा.

बाँड मोडला तर बाकी वसुली एजन्सीकडे जाते, क्रेडिटवर डाग पडतो आणि डॅक रिपोर्टवर नोंद होऊ शकते. डॅक म्हणजे ट्रक कंपन्या एकमेकांच्या जुन्या ड्रायव्हरांबद्दल बघतात तो अहवाल. वर्षातून एकदा त्याची प्रत फुकट मागता येते आणि चुकीच्या नोंदीला हरकत घेता येते.

हमरस्ता
अनुमोदन. त्यात एक भर. बाँड हा शब्द ऐकूनच पळू नका. रक्कम महिन्यागणिक वजा होत असेल, मुदत वर्षाची असेल आणि आजारपणाची सूट असेल तर पैसे नसलेल्या माणसासाठी तो वाजवी सौदा आहे. तसंही पहिलं वर्ष एकाच ठिकाणी काढणं फायद्याचं असतं, कारण चांगल्या नोकऱ्या किमान एक वर्षाचा स्वच्छ अनुभव मागतात.

सातबारा
एलटीएल जवळ असेल तर बाँड कशाला, असं माझं मत कायम आहे. पण टर्मिनल दोन तासांवर असेल तर हमरस्ता म्हणतात ते बरोबर.

मोरपंखी
मेडिकल आणि ड्रग टेस्टमध्ये काय अडतं? आणि शिकत असताना घरभाडं कसं निघणार?

गोदावरीकाठ
डीओटी मेडिकल, म्हणजे वाहतूक खात्याच्या नियमाची तब्येत तपासणी, डॉक्टरांच्या नॅशनल रजिस्ट्रीवरच्या डॉक्टरकडेच करायची. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरचं नाव तिथे असेलच असं नाही. कार्ड जास्तीत जास्त २४ महिन्यांचं मिळतं. रक्तदाब १४०/९० च्या खाली हवा. त्यापेक्षा वर, पण १६०/१०० च्या आत असेल तर साधारण एक वर्षाचं कार्ड. १८० किंवा ११० च्या वर गेला तर उतरेपर्यंत नाही. दाब चढत असेल तर महिनाभर आधी उपचार सुरू करा, आणि तपासणीच्या सकाळी कॉफी व एनर्जी ड्रिंक नको. चष्मा लागत असेल तर घेऊन जा, दोन्ही डोळ्यांना स्वतंत्रपणे २०/४० लागतं. इन्सुलिन घेणाऱ्यांना बंदी नाही, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरलेला वेगळा फॉर्म न्यावा लागतो.

ड्रग टेस्टबाबत एकच सांगते. राज्यात गांजा कायदेशीर आहे म्हणून केंद्राच्या नियमात चालत नाही, आणि "मी फक्त सीबीडी तेल घेतलं" ही सबब मान्य होत नाही. काही कंपन्या केसांची तपासणी करतात, त्यात महिन्यांपूर्वीचंही दिसतं. पॉझिटिव्ह आलं की नाव क्लिअरिंगहाउसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या ड्रग टेस्टच्या केंद्रीय नोंदवहीत, जातं. १८ नोव्हेंबर २०२४ पासून तिथे मनाई असलेल्या माणसाचं सीडीएल राज्यच काढून घेतं.

उत्तररात्र
घरभाड्याचा हिशोब कंपनीच्या आकड्यांवर करा. विचारा: शाळेच्या आठवड्यांत पगार आहे, उचल आहे, की काहीच नाही? उचल असेल तर ती नंतर कापतात. हॉटेल कंपनीचं असतं, पण खोलीत दुसरा माणूस असेल. जेवण किती वेळचं? परत यायचं तिकीट, नापास झालं तर, कोणाचं?

त्यानंतरचा टप्पा जास्त लांब असतो, ट्रेनरबरोबर त्याच्याच ट्रकमध्ये. कंपनीनुसार काही आठवडे ते दोन-तीन महिने. यात बहुधा ठरावीक आठवडी रक्कम मिळते, मैलावर नाही. पहिला पूर्ण चेक यायला शाळा संपल्यावरही वेळ जातो. म्हणून निघण्याआधी निदान दोन महिन्यांचं भाडं आणि फोनचं बिल बाजूला असावं. तेवढं नसेल तर आधी डॉकवर काम धरून साठवावं.

परमिटवर (शिकाऊ परवाना) असताना सीडीएलधारक शेजारच्या सीटवर बसलेला असायलाच हवा, तो मागे बंकवर झोपून चालत नाही. ट्रेनर "मी जरा पडतो, तू चालव" म्हणाला तर गाडी थांबवा.

डिझेलवाला
शाळेत माणसं नापास होतात ती गाडी चालवता येत नाही म्हणून कमी, प्री-ट्रिप, म्हणजे निघण्याआधीची गाडीची तपासणी, पाठ नाही म्हणून जास्त. हे घरी बसून फुकट तयार होतं, म्हणून मोठं लिहितो.

राज्याचं सीडीएल पुस्तक मोफत डाउनलोड होतं. परमिटला जनरल नॉलेज, एअर ब्रेक आणि कॉम्बिनेशन (ट्रेलर जोडलेली गाडी) असे तीन पेपर, प्रत्येकात ८० टक्के. एअर ब्रेकचा पेपर दिला नाही तर लायसन्सवर एअर ब्रेकची मनाई लागते, आणि तसल्या लायसन्सला ट्रक कंपनीत कोणी विचारत नाही.

स्किल्स टेस्टमध्ये एअर ब्रेकची तपासणी चुकली की परीक्षा तिथेच संपते. क्रम तोंडपाठ हवा. चाकांना ठोकळे लावा. हवा भरू द्या, गव्हर्नर साधारण १२० ते १४० पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप) कटआउट होतो, म्हणजे हवा भरणं थांबवतो. इंजिन बंद, चावी ऑन, ट्रॅक्टर आणि ट्रेलरच्या पार्किंग ब्रेकचे दोन्ही नॉब आत ढकला. हवा स्थिरावली की एक मिनिट बघा: ट्रॅक्टर-ट्रेलरला ३ पीएसआयपेक्षा जास्त गळती नको. आता पायाने ब्रेक घट्ट दाबून आणखी एक मिनिट: मर्यादा ४. मग पाय मारत हवा उतरवत जा. दाब ५५ च्या खाली जाण्याआधी दिवा किंवा बझर आला पाहिजे (काही राज्यांच्या पुस्तकात ६० आहे, आपलं पुस्तक बघा). आणखी पंप करत गेलं की २० ते ४५ च्या दरम्यान नॉब आपोआप बाहेर उडतात.

चुका ठरलेल्या. चावी ऑन ठेवायची राहते, मग बझर वाजतच नाही. ठोकळे न लावता ब्रेक सोडले जातात. आणि सर्वांत जास्त, हाताने करतात पण तोंडाने बोलत नाहीत. परीक्षक जे ऐकतो त्यालाच गुण देतो. "स्टिअरिंग टायर ठीक" म्हणून भागत नाही. "ट्रेडची (टायरच्या नक्षीची) खोली किमान ४/३२ इंच, बाकी टायरना २/३२, काप-फुगवटा नाही, हवा गेजने बघणार" असं पूर्ण म्हणायचं. पाचव्या चाकापाशी (फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रेलर जोडायची प्लेट) टॉर्च मारून किंगपिनभोवती (ट्रेलरचा जोडखिळा) जबडा बंद आहे आणि वरच्या-खालच्या प्लेटमध्ये फट नाही, हे दाखवून सांगायचं.

मागे घेताना सगळा गोंधळ स्टिअरिंग जास्त फिरवल्याने होतो. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग उजवीकडे, आणि थोडंच. ट्रेलर वळायला लागला की लगेच त्याच्यामागे जायला सुरुवात करा. उशीर झाला तर ट्रक-ट्रेलर कात्रीसारखे मिटतात. उतरून बघायची संधी मोजकी असते, पण आहे ती वापरा. उतरताना ब्रेक लावून, गाडीकडे तोंड करून, तीन आधार धरून. उडी मारली तर त्यावरही नापास करू शकतात.

हमरस्ता
ऑटोमॅटिक ट्रकवर परीक्षा दिली तर मॅन्युअल चालवायची मनाई लागते. आज बहुतेक ताफे ऑटोमॅटिक आहेत, त्यामुळे ते चालून जातं. डंप ट्रक किंवा बांधकामाकडे जायचं असेल तर मात्र विचार करा.

नव्या माणसाला लीज-पर्चेस, म्हणजे "आमचाच ट्रक हप्त्याने घे आणि मालक हो", हे पहिल्या वर्षी अजिबात नको. हप्ता ट्रक उभा असला तरी कापला जातो आणि लोड देणारीही तीच कंपनी असते. केंद्र सरकारच्याच कार्यदलाने जानेवारी २०२५ मध्ये अशा योजनांवर बंदी घालावी अशी शिफारस केली. ऑफर डब्ल्यू-टू, म्हणजे कंपनीचा नोकर म्हणून मिळणाऱ्या पगाराचीच घ्यावी.

आंतरराज्य कामाला २१ वर्षं लागतात, भावाला ती अडचण नाही. इंग्रजीची तयारी मात्र करून घ्या. २५ जून २०२५ पासून रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजीत बोलता आलं नाही किंवा पाट्या वाचता आल्या नाहीत तर ड्रायव्हरला तिथेच उतरवतात. कुठून आलात, कुठे चाललात, काय माल आहे, लॉगबुक दाखवा, हे संवाद मोठ्याने बोलून सराव करा.

हा धागा वाचणाऱ्या व्हिसावाल्यांसाठी: ग्रीन कार्ड नसेल तर नॉन-डोमिसाइल्ड सीडीएल (अमेरिकेत कायम रहिवास नसलेल्यांसाठीचं) लागतं आणि त्याचे नियम सप्टेंबर २०२५ पासून कडक करायला घेतले, ते न्यायालयातही गेले. आधी राज्याच्या परवाना कार्यालयात आजचा नियम विचारा. बाँडवर सही त्यानंतर.

मोरपंखी
सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नाव नव्हतं, आज नोंदवलं. जॉब सेंटरची भेट पुढच्या आठवड्यात आहे आणि जवळच्या टर्मिनलवर डॉकसाठी अर्जही टाकतोय. परमिट आत्ताच काढून ठेवावं का?

गोदावरीकाठ
मेडिकल आणि अभ्यास आत्ता, परमिट थोडं थांबून. परमिट बहुतेक ठिकाणी १८० दिवसांचं असतं, आणि ते मिळाल्यावर किमान १४ दिवस गेल्याशिवाय स्किल्स टेस्ट देता येत नाही. जॉब सेंटरची मंजुरी लांबली तर आज काढलेलं परमिट संपून पुन्हा फी भरावी लागेल. शाळेची तारीख पक्की झाली की तीनेक आठवडे आधी काढा. जॉब सेंटरच्या भेटीत परमिट आणि मेडिकलची फी त्यांच्या निधीतून निघते का हेही विचारा, काही ठिकाणी निघते. कंपनीच्या शाळेत जायचं ठरलं तर तिथेही पावत्या दाखवा. आपल्या राज्यात परमिट काढून दुसऱ्या राज्यात प्रशिक्षण आणि टेस्ट देता येते, निकाल आपलं राज्य मान्य करतं, फक्त सीडीएलचं कार्ड घ्यायला परत यावं लागतं. परमिट काढताना "नॉन-एक्सेप्टेड इंटरस्टेट" (सूट न घेता, राज्याबाहेरही काम) या रकान्यात खूण करायची. तिथे इंट्रास्टेट (फक्त राज्यापुरतं) निवडलं तर राज्याबाहेरची लोड घेता येत नाही.